बाटलीच्या गळ्याचं काडतूस, काळी दारू आणि ओतीव शिसं: मार्टिनी-हेन्रीवाले आहेत का कोणी?

ओहायोकर_नाना

छंदांच्या विभागात पेनं, बोन्साय, घड्याळं सगळं आहे, बंदुकीचा विषय मात्र निघाला की तीन प्रतिसादांत गाडी राजकारणावर जाते. म्हणून आधीच सांगतो, हा धागा दीडशे वर्षं जुन्या तंत्राबद्दल आहे, बाकीचं दुसरीकडे.

मी ओहायोत राहतो, इथल्या रेंजवर जुन्या सिंगल शॉट रायफली चालवणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक कंपू आहे, त्यात मी एकटाच देशी. माझ्याकडे मार्टिनी-हेन्री आहे, म्हणजे ब्रिटिश सैन्याची जुनी सिंगल शॉट रायफल, नेपाळहून आलेली. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: काठमांडूच्या लगन सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, राणांच्या काळापासून हजारो जुन्या बंदुका धूळ खात पडल्या होत्या, स्नायडर, मार्टिनी, नेपाळात बनलेल्या गहेंद्र रायफली, आणि २००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन कंपन्यांनी मिळून तो साठा उचलला. १८९८ किंवा त्याआधी बनलेली असली की इथल्या केंद्रीय कायद्यात ती अँटिक धरली जाते, राज्याराज्यांचे नियम वेगळे असू शकतात ते आपापलं बघायचं.

आता मुद्दा. हिचं काडतूस .५७७/४५०. मार्टिनीच्या आधीच्या स्नायडर रायफलीची .५७७ इंची केस, म्हणजे काडतुसाचं आवरण, घेतली आणि तोंडाशी आवळून .४५० केली, म्हणून खाली ढेरी, मग खांदा, मग अरुंद गळा. आधी सरळ लांब केस ठरली होती पण ती मार्टिनीच्या ॲक्शनला, म्हणजे काडतूस भरायच्या-काढायच्या यंत्रणेला, फारच लांब पडायला लागली म्हणून ही आखूड जाडी केस आली. सरकारी लोड ८५ ग्रेन काळी दारू (सोरा, गंधक, कोळशाची जुनी बंदुकीची दारू) आणि ४८० ग्रेनची बुलेट, म्हणजे ३१ ग्रॅम, अडीच तोळ्यांच्या वर शिसं एका बारात. वेग साधारण १३५० फूट प्रति सेकंद.

इथले सगळे जुनेजाणते एकच पालुपद लावतात की काळी दारू हवी तर सरळ केस घ्या, .४५-७० घ्या, बाटलीच्या आकारात काळी दारू नीट चालत नाही, फाउलिंग (बारानंतर नळीत साचणारा गाळ) जास्त होतं, नेम बसत नाही वगैरे. मला हे पटत नाही. गळ्याचा त्रास दारू जळण्यात नाही, भरण्यात आहे. भरणं जमलं की बाकी सगळं सरळ केससारखंच.

का ते सांगतो. काळ्या दारूचा पहिला नियम म्हणजे दारू आणि बुलेट यांच्यामध्ये मोकळी हवा ठेवायची नाही. सरळ केसमध्ये सोपं आहे, दारू टाका, वर पुठ्ठ्याची चकती ठेवा, आतल्या व्यासाचा दांडा प्रेसमध्ये लावून दाबा, सगळी दारू एकसारखी दबते. बाटलीत तो दांडा गळ्याच्या मापाचाच असणार, ०.४७ इंचाच्या आसपास, आणि खालचं पोट ०.६ इंचाच्या वर. मग दाबलं की मधला खांब दबतो आणि खांद्याखालची कडेची दारू तशीच भुसभुशीत राहते, ना धड दाबलेली ना धड सुटी. दर काडतुसात ते वेगळं होतं आणि मग लोक म्हणतात बाटलीला नेम नाही.

मी दाबत नाही. दोन फुटी पितळेची नळी उभी लावतो आणि दारू वरून बारीक धारेने सोडतो, पिठाचा डबा भरताना आपण तो दोनदा आपटतो तसंच काहीसं, दाणे पडतानाच एकमेकांत बसतात आणि गळ्याच्या तळापर्यंत आपोआप पातळी येते. थोडी कमी पडली तर वर सावरीचा कापूस, इथे कॅपोक म्हणून मिळतो, खांद्याची जागा भरेल एवढाच. मग पुठ्ठ्याची चकती, मेणाची चकती, परत पुठ्ठा, आणि मग बुलेट. हा सगळा थर गळ्याच्या आतच राहिला पाहिजे. चकती गळ्याखाली उतरली की ती पोटात आडवी पडते आणि मग ती कुठे आहे ते तुम्हाला कळत नाही, आणि बंद काडतुसात काय कुठे आहे हे माहीत नसणं मला चालत नाही.

बुलेट मी स्वतः ओततो, वीस भाग शिसं एक भाग कथील. सरकारी बुलेट बारास एक होती, जरा टणक, वर कागद गुंडाळलेला. माझं मऊ असतं कारण काळ्या दारूचा धक्का एकदम बसतो आणि मऊ शिसं बुडाशी फुगून बॅरलच्या आतल्या सात पिळदार खाचांत भरतं. चाकांची वजनं वितळवून ओतलेलं अँटिमनीवालं शिसं इथे कामाचं नाही, फुगत नाही, गॅस बाजूने निसटतो आणि बॅरलला शिसं चिकटतं.

माझ्या रायफलीचा नेमका लोड इथे टाकत नाही, कोणी तरी कॉपी करून दुसऱ्याच बंदुकीत घालेल. प्रत्येक जुन्या मार्टिनीचं चेंबर (काडतूस बसायची जागा) आणि बॅरल वेगळं असतं, मऊ शिशाचा गोळा ठोकून बॅरलचं माप काढल्याशिवाय साचासुद्धा विकत घेऊ नये.

कोणाचा अनुभव वेगळा असेल तर लिहा, वाद घालायला आवडेल.


चहाबाज

शीर्षकात बाटली, काळी दारू हे दोन शब्द वाचून फारच वेगळ्या अपेक्षेने धागा उघडला होता. असो. चखणा घेऊन बसलोच आहे तर वाचतो.


पेन्शनर_खडकी

नाना, छान लिहिलंय. आमचं आयुष्य खडकीत फॅक्टरीच्या भोंग्यावर गेलं, १८६९ ची फॅक्टरी, हल्ली म्युनिशन्स इंडियाखाली आहे. त्यामुळे काडतुसाचा विषय दिसला की राहवत नाही.

तुमच्या दाबण्याच्या मुद्द्यावर एक जुनी गोष्ट. ब्रिटिशांचं पुढचं काडतूस .३०३ म्हटलं की सगळ्यांना कॉर्डाइट, म्हणजे बिनधुराची दारू, आठवतं पण १८८८ ला ली-मेटफर्ड आली तेव्हा तिच्यात काळीच दारू होती. ७१.५ ग्रेन, आणि सुटी नाही, दाबून केलेला एकच गोळा, मधून आरपार भोक, त्या भोकातून प्रायमरची आग वरपर्यंत जायची. आता विचार करा, हा गोळा गळ्यातून आत जाणार कसा? जातच नाही. केस आधी सरळ ठेवायची, गोळा आत, आणि मग गळा आवळायचा. म्हणजे बाटलीत दारू नीट दाबता येत नाही हे त्या लोकांनाही कळलेलं होतं आणि त्यांनी उत्तर काढलं ते कारखान्यातलं, घरी बसून करण्यासारखं नाही. पुढे १८९१ मध्ये कॉर्डाइट आलं तेव्हाही काड्यांचा जुडगा आधी घालून मग गळा बंद करायची पद्धत राहिली.

आणखी एक. मेटफर्डचं रायफलिंग, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचा, उथळ आणि गोल कडांचं होतं, कशासाठी तर काळ्या दारूचा गाळ कोपऱ्यात साचू नये म्हणून. कॉर्डाइटची उष्णता त्या उथळ खाचांना झेपेना, झिजून गुळगुळीत व्हायला लागल्या, म्हणून १८९५ ला खोल कोपऱ्यांचं एनफिल्ड रायफलिंग आलं आणि नाव ली-एनफिल्ड झालं. दारू बदलली म्हणून बॅरल बदललं, इतकी ती दोघं एकमेकांत अडकलेली असतात.


ओहायोकर_नाना

काका, हा .३०३ चा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. म्हणजे गळा नंतर आवळायचा, वा. आमच्या कंपूतल्या म्हाताऱ्यांना सांगतो उद्याच.

त्यात एकच जोडतो, .३०३ ला ओतीव शिसं चाललंच नसतं, बोअर बारीक, पीळ घट्ट, वेग १८०० फुटांच्या वर, म्हणून २१५ ग्रेनची बुलेट धातूच्या कवचातली होती. ओतीव शिशाचं आणि बाटलीचं लग्न मोठ्या बोअरमध्येच टिकतं.


तळकोकणी

आमच्याकडे सिंधुदुर्गात अजून ठासणीच्या बंदुका आहेत, शेतीसंरक्षणाचे परवाने, डुक्कर आणि माकडांसाठी, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. आजोबांची होती, मी लहानपणी बघितलंय. दारू ओतायची, वर कागदाचा नाहीतर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, परत बोळा, कानावर केप (ठिणगी देणारी टोपी). ठासताना आजोबा गजावर खूण केलेली बघायचे, खुणेपर्यंत गज आत गेला नाही तर बार करायचा नाही. कारण विचारलं तर म्हणायचे नळी फाटता.

नाना जे मोकळ्या हवेचं म्हणतायत ते हेच ना? गोळी मध्येच अडकली आणि खाली पोकळी राहिली तर नळी त्या ठिकाणी फुगते नाहीतर फुटते. म्हणजे काडतूस असो की ठासणी, गोष्ट एकच. फक्त आमच्यात गळा नसल्यामुळे तुमची अर्धी डोकेदुखी नाही.


रेजिमेंटल_किडा

मार्टिनीचं इतकं कौतुक चाललंय म्हणून जरा पाणी ओततो. ही रायफल लढाईत अडकायची, आणि अडकायची ती नेमकी या बाटलीच्या केसमुळेच. दक्षिण आफ्रिकेत इसांडलवाना, २२ जानेवारी १८७९, २४ वी रेजिमेंट झुलूंनी अक्षरशः कापून काढली, तिथे केस अडकत होत्या. सुदानात अबू क्ली, १७ जानेवारी १८८५, तिथे तर एवढी बोंबाबोंब झाली की इंग्लंडात चौकशा लागल्या. सरळ केस असती तर बाहेर ओढताना खांद्याला अडकली नसती. नानांचं भरण्याचं गणित बरोबर असेल पण काढायचं काय?

आपल्या बाजूचंही सांगतो. अफगाणिस्तानात मैवंद, २७ जुलै १८८०, बरोज साहेबाची ब्रिगेड, तिच्यात बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स होत्या, म्हणजे बॉम्बे आर्मीची माणसं. गोऱ्या ६६ व्या रेजिमेंटच्या हातात मार्टिनी आणि आपल्या शिपायांच्या हातात जुनी स्नायडर. सत्तावननंतरचं धोरणच ते, देशी पलटणीला एक पिढी मागचं हत्यार. मार्टिनी आपल्या लोकांकडे आली ती गोऱ्यांकडे पुढचं हत्यार यायला लागल्यावर. सारागढीला १२ सप्टेंबर १८९७ ला ३६ वे शीख मार्टिनी घेऊनच लढले, आणि त्याच मोहिमेत गोऱ्या पलटणींकडे ली-मेटफर्ड होती.


ओहायोकर_नाना

किडाभाऊ, मैवंदचं बरोबर. अडकण्याचं अर्धंच बरोबर.

तुम्ही ज्या केसला शिव्या देताय ती आज आपण वापरतो तशी पितळेची ओढलेली केस नव्हतीच. ती बॉक्सरची गुंडाळीची केस. पितळेचा पातळ पत्रा, कागदापेक्षा थोडाच जाड, गुंडाळून नळी केलेली आणि खाली लोखंडी बूड रिव्हेट केल्यासारखं बसवलेलं. शे-दीडशे मैल बैलगाडीत, उंटावर हिंदकळली की चेपायची, गुंडाळी उकलायची. त्यात ओलावा लागला की वेगळंच. बार झाला, चेंबर तापलेलं, आत गाळ, तो पत्रा फुगून चेंबरला चिकटला आणि एक्स्ट्रॅक्टरने बूड ओढलं की बूड हातात आणि पत्रा आत. ह्यात गळ्याचा काय दोष? गळा निमुळता असतो, खरं तर बाटलीची केस एकदा सुटली की भिंतीपासून लगेच मोकळी होते, सरळ लांब केस शेवटपर्यंत घासत येते.

१८८५ मध्ये ओढलेल्या पितळेची केस आली आणि तक्रारी एकदम खाली आल्या. तीच रायफल, तोच गळा, तीच दारू. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा.

इसांडलवानाबद्दल, केस अडकल्या असतीलच थोड्याफार, पण मोजकी माणसं लांबच लांब पातळ रांगेत पसरून उभी केली आणि वीस हजारांच्या आसपास झुलू तीन बाजूंनी आले, तिथे रायफलीवर खापर फोडणं मला सोयीचं वाटतं. त्याच दिवशी जवळच्या रॉर्क्स ड्रिफ्टच्या ठाण्यावर त्याच रायफलीने, त्याच काडतुसाने शंभर-दीडशे लोकांनी रात्रभर दम काढला.


रेजिमेंटल_किडा

रॉर्क्स ड्रिफ्टला भिंती होत्या, पोत्यांच्या का असेना. पण गुंडाळीच्या केसचा मुद्दा मान्य. लोखंडी बुडाचं मला माहीत नव्हतं.


मीठभाकर

बाकी सगळं ठीक पण नाना गोळी उडवल्यावर साफ करायला किती वेळ लागतो? माझ्या इथल्या कॅनडातल्या मित्राकडे एक काळ्या दारूची रायफल आहे, तो म्हणतो एक तास शूटिंग आणि दोन तास भांडी घासणं.


रसायनवाली_मेधा

भांडी घासणं अगदी बरोबर उपमा दिली मित्राने :)

मी बंदूकवाली नाही, केमिस्ट्रीची आहे, पण या गाळावर लिहायचा मोह होतोय. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनच राहतो, गॅस होत नाही. तोच धूर, तोच गाळ. त्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट, थोडं सल्फाइड, आणि न जळलेला कोळसा. यातलं कार्बोनेट हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे दमट हवेत गाळ मऊ राहतो आणि कोरड्या हवेत दगड होतो. सुदानात आणि अफगाणिस्तानात जे हाल झाले त्यात कोरड्या उन्हाचा वाटा नक्की असणार. उलट कोकणात गाळ मऊ राहील पण रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी नळीत गंज, कारण तेच ओढलेलं पाणी आणि तेच क्षार.

हे सगळे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून गरम पाणी आणि थोडा साबण हेच खरं औषध, महागडे सॉल्व्हंट कशाला. आणि पेट्रोलियमचं ग्रीस काळ्या दारूबरोबर वापरू नये असं सगळे का म्हणतात तर उष्णतेत ते त्या गाळात मिसळून काळा चिकट थर करतं जो पाण्याने निघत नाही. मेण आणि प्राण्याची किंवा वनस्पतीची चरबी मात्र गाळाला मऊ ठेवते.

आणि इथेच मला ते सत्तावनचं लक्षात आलं. शाळेत आपण चरबीची काडतुसं एवढंच शिकलो, ती चरबी मुळात होती कशाला हे कोणी सांगितलं नाही. एनफिल्डच्या नळीला खाचा होत्या, काही बारांनंतर गाळाने गोळी आत ठासणंच अवघड व्हायचं, म्हणून कागदाच्या बाहेरून मेण-चरबी. रसायन बरोबर होतं, चरबी कुठली आणि ती दाताने कोणाला तोडायला लावतोय याचा विचार कोणी केला नाही.


टेक्सासची_वहिनी

मेधाताई झकास. आमच्याकडे आता क्रिस्को घालतात मेणात, म्हणजे डालडाच. मीरत छावणीत एक डालड्याचा डबा पाठवायला हवा होता.

नाना, तुमच्या बाजूने एक साक्ष देते. मी आणि आमचे हे काउबॉय ॲक्शन शूटिंग करतो, मी .४४-४० ची लिव्हर ॲक्शन वापरते, तीही बाटलीच, गळा अगदी थोडासा आहे म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. १८७३ चं काडतूस, नावातच ४० ग्रेन काळी दारू, २०० ग्रेनची बुलेट. इथे काळ्या दारूवाले .४५ कोल्टपेक्षा .४४-४० जास्त पसंत करतात. गळ्याचं पितळ पातळ असतं, बार झाला की ते लगेच फुगून चेंबर बंद करतं आणि गाळ मागे ॲक्शनमध्ये येत नाही. .४५ कोल्ट सरळ आणि जाड, तिच्यात धूर मागे येतो, सामना संपेपर्यंत ॲक्शन खरखरायला लागते. माझी दिवसभर मऊ चालते. त्यामुळे बाटलीला फाउलिंग जास्त म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा.

पण एका गोष्टीवर वाद आहे. तुम्ही मेणाची चकती, पुठ्ठा, कापूस एवढं सगळं भरता, मला त्याची गरजच वाटत नाही. मोठ्या खाचेची बुलेट घ्यायची, तिच्यात भरपूर मऊ ल्यूब (मेण-चरबीचं वंगण) मावतं, दारू गळ्याच्या तळापर्यंत, बुलेट बसवताना तिनेच थोडीशी दाबली जाते, झालं. जितक्या वस्तू कमी तितक्या चुका कमी.


ओहायोकर_नाना

वहिनी, तुमच्या बॅरलला ते पुरतं. माझं बॅरल ३३ इंचांचं आणि दारू दुपटीहून जास्त. खाचेतलं ल्यूब बॅरलच्या शेवटच्या फुटात पोचेपर्यंत संपतं आणि तिथे गाळ कोरडा होतो, नळीच्या तोंडाकडे करडा कडक पट्टा दिसतो. तोंडाशी ओलसर काळी चांदणी दिसली की ल्यूब पुरलं असं समजायचं. म्हणून मेणाची चकती. शिवाय कागद गुंडाळलेल्या बुलेटला खाचा नसतातच, ल्यूब ठेवणार कुठे.

बुलेटने दारू दाबणं मात्र मी मऊ शिशाबरोबर करत नाही. वीसास एकची बुलेट दाबली की नाक चेपतं, नाहीतर बूड पसरतं. तुमची २०० ग्रेनची बुटकी असते, तिला चालून जात असेल.

दोन बारांच्या मध्ये मी फुंकणी वापरतो. रिकामी केस घ्यायची, तिच्या बुडाला भोक पाडून रबरी नळी बसवायची, चेंबरमध्ये घालून सावकाश चार-पाच श्वास सोडायचे. श्वासातला ओलावा गाळ मऊ करतो. आपल्या पुस्तकी हिशोबाने मेधाताईंचं कार्बोनेट तो ओलावा पिऊन घेतं. ओहायोच्या जुलैत लागत नाही, ऑक्टोबरच्या कोरड्या थंडीत लागतंच.

मीठभाकर, साफसफाई तासाच्या आत होते. बॅरल उकळतं पाणी, चिंध्या, कोरडं, मग तेल. केस मी रेंजवरच साबणाच्या पाण्याच्या बरणीत टाकतो, घरी येईपर्यंत अर्धं काम झालेलं असतं. अमोनियावालं काही पितळेला लावायचं नाही, पितळ ठिसूळ होतं.


धडपड्या_नगर

नाना मस्त माहिती. एक विचारतो, .५७७/४५० च्या केस मिळतात का तयार? आणि दुसरं म्हणजे ही काळी दारू म्हणजे सोरा गंधक कोळसाच ना, मग घरीच का नाही करत? आमच्या गावाकडे तोफेच्या सलामीसाठी लोक करायचे म्हणे. इथे गावी एक जुनी काडतुसाची बंदूक आहे चुलत्यांची परवान्याची, तिची काडतुसं पण अशी भरता येतील का?


पेन्शनर_खडकी

धडपड्या, नाव सार्थ करू नकोस बाबा.

दारू घरी करायची नाही. कारखान्यात ती कुटतात, भिजवतात, दाबतात, दाणे पाडतात, तिथे प्रत्येक इमारत वेगळी, छप्पर हलकं, भिंती जाड, पायात खिळ्यांचे बूट नाहीत, हे उगीच नाही. कोरड्या काळ्या दारूला बारीकशी ठिणगी पुरते आणि ती समजून घेत नाही.

आणि काडतुसं भरणं आपल्याकडे कायद्याने उत्पादनात मोडतं. आर्म्स ॲक्ट १९५९, कलम ५, बनवायला वेगळा परवाना लागतो. चुलत्यांचा परवाना बंदूक बाळगायचा आणि ठराविक काडतुसं विकत घ्यायचा आहे. नाना जे करतात ते तिथल्या कायद्यात बसतं, इथे केलंत तर चुलत्यांचा परवाना जाईल तो जाईल, वर खटला.


ओहायोकर_नाना

काकांशी शंभर टक्के सहमत, आणि इथेसुद्धा मी दारू विकतच आणतो. गोएक्स, स्विस, शुट्झन असे ब्रँड आहेत. मधे गोएक्सचा लुइझियानातला कारखाना २०२१ मध्ये बंद झाला होता तेव्हा इथे हाहाकार उडालेला, पुढच्या वर्षी एस्टेस कंपनीने घेतला. तरीही घरी करायचा विचार कोणी शहाण्या माणसाने केला नाही.

तयार केस मिळतात पण महाग. बरेच लोक मॅगटेकची २४ गेज शॉटगनची पितळी केस घेतात, ब्राझीलची, आणि डायमधून टप्प्याटप्प्याने आवळून गळा काढतात, मधे मधे तापवून मऊ करावं लागतं नाहीतर खांद्याला सुरकुत्या नाहीतर चीर. मी तेच करतो. वैतागवाणं काम आहे पण एकदा तुमच्या चेंबरमध्ये फुगून बसली की ती केस तुमच्या रायफलीची झाली, पुढे फक्त गळा आवळायचा, खांद्याला हात लावायचा नाही. बाटलीच्या केसला खांद्याशी वारंवार चेपलं तर तिथेच ती तुटते.

आणि एक, कोणी विचारलं नाही तरी लिहून ठेवतो: या केसमध्ये जागा खूप आहे म्हणून कोणाला तरी बिनधुराची पावडर थोडीशी घालून बघायची हुक्की येते. जुन्या लोखंडात नाही. काळी दारू तळाला आणि बिनधुराची वर असं मिश्रणही नाही. तसं करणाऱ्याच्या शेजारच्या बेंचवर मी बसत नाही, सामान उचलून घरी जातो.


तळकोकणी

शिसं घरात ओतता का नाना? आजोबा अंगणात ओतायचे, लोखंडी पळीत, आजी आम्हा पोरांना आत कोंडायची.


ओहायोकर_नाना

आजीचं बरोबर होतं. मी गॅरेजचं दार पूर्ण उघडून, पंखा बाहेरच्या बाजूला लावून ओततो. हातमोजे, चष्मा, आणि आसपास पाण्याचा ग्लाससुद्धा नाही. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब गेला तर वाफ होऊन सगळं भांडं अंगावर येतं. नंतर हात साबणाने कोपरापर्यंत, कपडे वेगळे धुवायला. गॅरेजमध्ये चहा पीत पीत ओतणारे महाभाग आहेत इथे, त्यांच्या रक्तात शिसं किती असेल देव जाणे.


मुंबईची_चिमणी

मला यातलं अर्धं कळलं नाही पण वाचत बसले. नेपाळहून आलेल्या बंदुका उडवण्याच्या लायकीच्या असतात का पण? शंभर वर्षं पडून होत्या म्हणताय.


ओहायोकर_नाना

सगळ्या नाहीत. ब्रिटिश बनावटीच्या मार्टिनी, आतून गंज खाल्लेल्या नसतील तर जुन्या रायफली समजणाऱ्या गनस्मिथने तपासून, चेंबरचा ओतीव ठसा घेऊन, हेडस्पेस (काडतूस चेंबरमध्ये किती मोकळं बसतं ते) बघून मग चालवता येतात. पहिला बार हातात धरून नाही, बांधून दोरीने. गहेंद्र मात्र मी उडवणार नाही, दिसायला मार्टिनी, आतली रचना वेगळी, हाताने बनवलेल्या, प्रत्येकीचं लोखंड वेगळं. भिंतीवर छान दिसते. आणि अफगाणिस्तानातून सैनिकांनी आणलेल्या खैबर खिंडीच्या नकला असतात, राणीचा मुकुट कोरलेला, स्पेलिंग उलटंसुलटं, त्या तर भिंतीवर लावतानासुद्धा नळी दुसरीकडे करून लावा.


पेन्शनर_खडकी

नाना, गळा आवळण्याच्या टप्प्यांचे फोटो टाका की, २४ गेजची मूळ केस आणि मग प्रत्येक डायनंतरची, शेजारी पट्टी ठेवून. आणि खांद्याशी कुठे तापवता तेही दाखवा, आमच्याकडे मशीनवर व्हायचं ते हाताने कसं करता ते बघायचंय.


ओहायोकर_नाना

टाकतो काका, या शनिवार-रविवारी नवीन केस करायच्याच आहेत. चीर गेलेल्या दोन-तीन ठेवल्यात बाजूला, त्यांचेही टाकतो, त्यावर तुमचं मत हवंय, तापवणं कमी पडतंय की डायचा कोन जास्त आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही.